दिव्याखालची माणसे

मराठीचा अध्यापक म्हणून गेली वीस-एक वर्षे मी विद्यार्थ्यांचे निबंध तपासत आलो आहे, आणि त्या अनुभवाच्या जोरावर एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. आपल्या भाषेत दीपस्तंभांची मुळीच टंचाई नाही. संत हे दीपस्तंभ, समाजसुधारक हे दीपस्तंभ, शिक्षक तर दीपस्तंभ असतोच असतो. शोकसभेत गेलेला गृहस्थ दीपस्तंभ होऊन जातो, सत्कारसमारंभात हयात गृहस्थ दीपस्तंभ ठरतो. आणि एखाद्याचा गौरवग्रंथ निघाला, तर त्याच्या प्रस्तावनेत एक व समारोपात एक असे किमान दोन दीपस्तंभ धरूनच चालावे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जेवढे दीपस्तंभ सरकारने उभारले, त्याच्या कैक पटींनी अधिक आम्ही मराठीच्या मास्तरांनी कागदावर उभारले आहेत.

गंमत पुढेच आहे. निबंधात दीपस्तंभ उभा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी तो डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. यात त्यांचाही दोष नाही. आम्ही पडलो घाटावरची माणसे. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर जेऊर सोडून कुर्डुवाडीकडे निघालात, की मध्ये केम नावाचे स्टेशन लागते; ते माझे गाव. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते झोपेतच ओलांडले असेल. पण वाचक भगिनींनो, आमच्या गावाला तुम्ही अगदीच परक्या नाहीत. कारण हळदीपासून कुंकू करण्याचा धंदा या गावात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि ते कुंकू कुठल्या कुठे जाते. गावात उत्तरेश्वराचे देऊळ आहे, आसपास काळी रानं आहेत, आणि पाऊस म्हणाल तर आला तर आला. अशा ठिकाणी जन्मलेल्या माणसाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग.

पण दीपस्तंभ नसला, तरी उंच खांबावर दिवा लावायचा आणि त्याच्या भरवशावर परक्या माणसांनी अंधारातून सुखरूप जायचे, हा व्यवहार आमच्या घराला पाठ होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रेल्वेत होते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्याकडे सिग्नलच्या बत्त्यांचे काम होते. त्या काळी लहानसहान स्टेशनांवर सिग्नलला वीज नव्हती. रॉकेलचे दिवे असत. दुपारी बत्त्या खाली आणायच्या, काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, तेल भरायचे आणि दिवस मावळायच्या आत खांबाच्या लोखंडी शिडीने वर चढून प्रत्येक बत्ती तिच्या जागी बसवायची. पुढे वीज आली, रंगीत दिवे आपोआप बदलू लागले आणि आबा दुसऱ्या कामावर गेले. पण आजही संध्याकाळ झाली, की ते अंगणात येऊन एकदा स्टेशनच्या दिशेने बघतात. काय बघतात, हे आम्ही विचारत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निघाले. मोतीबिंदूसारखा हा काढून टाकता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती. यात नजर जाते ती बहुधा कडेकडेने जाते. समोरचे दिसत राहते आणि बाजूचा अंधार हळूहळू आत सरकत येतो. दवाखान्यातून परत येताना आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले,

"मास्तर, एक इच्छा हाय. समुद्रातली बत्ती बघायची."

मी कॉलेजात लागल्यापासून ते मला मास्तर म्हणतात. थट्टेने म्हणतात की कौतुकाने, हे मला अद्याप उमगलेले नाही. रेल्वेच्या पासावर त्यांनी काशी केली होती, तिरुपती केले होते. पण समुद्र मात्र दादरच्या पुलावरून गर्दीत वळण घेऊन नातेवाइकांकडे जाताना राहूनच गेला होता. जन्मभर मुंबईच्या गाड्यांना वाट दाखवली आणि मुंबईचे पाणी पाहिले नाही!

झाले. आमच्या घरी बेत शिजायला वेळ लागत नाही, शिजला की करपायला लागतो. सौ.ने महाबळेश्वर सुचवून पाहिले. तिथे समुद्र नाही, हे तिला नकाशा काढून दाखवावे लागले. धाकटीने मोबाईलवर धडाधड दीपगृहांची यादी वाचली. रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावरचे, गोव्यातल्या आग्वादचे १८६४ सालचे जुने, मुंबईच्या दक्षिण टोकाला खडकावर उभे असलेले १८७५ सालचे प्राँग्जचे. अखेर ठरले ते खांदेरीचे. पुण्याहून एस.टी.ने अलिबाग, अलिबागेहून थळ आणि थळच्या किनाऱ्यावरून होडीने खांदेरी. थंडीच्या अखेरीस, समुद्र निवळ असताना आम्ही निघालो.

थळच्या वाळूत होडी उभी होती. नाखव्याने नाळेला हळदकुंकू वाहिले होते. आबा जवळ गेले, बोटाने थोडे कुंकू चाचपले आणि म्हणाले, "केमचं हाय का वो?"

नाखवा हसला. "बाजारातला हाय, बाबा. कुठला ते त्याच्यावर लिवलेला नसतं."

"मग केमचंच," असा निकाल देऊन आबा होडीत चढले. समुद्राशी सोयरीक जमली.

किनाऱ्यापासून आधी लागते ती उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी. ही जोडगोळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दक्षिणेकडे बसलेली आहे. जवळ जाल तसा बेटाचा खरा चेहरा दिसू लागतो. काळा, खरबरीत, लाटांनी कुरतडलेला खडक. त्यावर तटाचे ढासळते दगड. दोन टेकड्या आणि एकीवर उभा दीपस्तंभ. लाट खडकावर आपटते तेव्हा पाणी फुटल्यासारखे वाटत नाही, दगड फुटल्यासारखे वाटते. आमच्या सौ.ने होडीची कड आणि माझा दंड यांत भेद केला नाही. होडी धक्क्याला लागेपर्यंत मला ते दोन्हीकडून जाणवत होते.

या खडकाची गोष्ट तुम्हांला शाळेत एका वाक्यात सांगितली असेल. ती थोडी सावकाश ऐकण्यासारखी आहे. मुंबईत इंग्रज आणि जंजिऱ्यात सिद्दी, या दोघांच्या मध्ये पाय रोवायला शिवाजी महाराजांनी हे ओसाड बेट निवडले. १६७९ साली पावसाळा सरता सरता मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार तोफा घेऊन इथे उतरला आणि त्याने तटाचे काम सुरू केले. मुंबईकरांची झोप उडाली. त्यांनी आपली जहाजे पाठवून बेटाला वेढा घालण्याचा प्रयत्न केला. त्यांत कॅप्टन केग्विन होता, 'रिव्हेंज' नावाचे लढाऊ जहाज होते. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली आणि 'डोव्हर' नावाचे इंग्रजांचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. पण खरी मौज लढाईपेक्षा वेगळीच आहे. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्याची वाट बघत उभी राहत आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ही मारीत, रात्रीच्या अंधारात त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोचवीत. पुढच्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी हा नाद सोडला. सिद्दीने चिडून शेजारची उंदेरी बळकावली आणि मग कित्येक वर्षे ही दोन भावंडे एकमेकांवर तोफा डागीत राहिली. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या अमदानीत, १७१८ साली, मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर आरमार आणले आणि हात हलवीत परत नेले.

म्हणजे हा किल्ला बांधला गेला तो अंधाराच्या आश्रयाने. त्या रात्री या टेकडीवर एखादा प्रखर दिवा फिरत असता, तर खांदेरीचा किल्ला झालाच नसता!

आणि त्याच टेकडीवर १८६७ साली दिवा लागला. इंग्रजी जहाजांनी ज्या खडकाला दचकून राहावे म्हणून आपण तट उभारला, तोच खडक १८८ वर्षांनी इंग्रजी जहाजांना मुंबईची वाट दाखवू लागला. इतिहासाचा हा विनोद मला फार आवडला आणि मी तो आबांना ऐकवला. ते तटावरच्या तोफेला हात लावून उभे होते. ही तोफ लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेली आहे, त्यामुळे रेल्वेच्या माणसाला ती विशेष जवळची वाटली असावी. माझा विनोद ऐकून ते म्हणाले,

"तट इचारतो, कोन रं तू? बत्ती कुनाला इचारत न्हाई."

मी वहीत लिहून घेतले. मास्तरांची वही अशीच भरते.

बेटावर वेताळाचे ठाणे आहे. कोळी लोकांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. एक दगडही आहे. त्यावर दुसरा दगड आपटला, की भांड्यासारखा खणखणतो. धाकटीने तो इतक्या वेळा वाजवला, की वेताळ उठून यायचा तेवढा बाकी राहिला. मग आम्ही दीपस्तंभाच्या आवारात आलो.

स्तंभ अष्टकोनी आहे. दगडी बांधणीचा, सुमारे २५ मीटर उंच. टेकडीची उंची त्याला आयतीच मिळाली आहे. दीपस्तंभ उंच का लागतो, याचे उत्तर आम्ही निबंधात 'महानता' असे देतो. खरे उत्तर साधे आहे. पृथ्वी गोल आहे म्हणून. दिवा कितीही प्रखर असो, पाण्याच्या वाकणापलीकडे तो दिसणार नाही. हिशेब कोणालाही करता येईल. उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला साडेतीनने, अगदी नेमके हवे तर ३.५७ने गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. पाण्यापासून ५० मीटर उंचीवरचा दिवा अशा रीतीने सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पोचतो. आणि बघणाऱ्याचा डोळा होडीत तीन मीटर उंचीवर असेल, तर आणखी सहा किलोमीटर. वाचणाऱ्याने स्वतःही थोडे उंच व्हावे लागते, हे वाक्य मला तिथे सुचले होते. पण ते पुन्हा निबंधाच्या वाटेला लागते म्हणून सोडून देतो.

दुसरी करामत भिंगाची. दिवा जळतो तेव्हा उजेड चहूकडे सांडतो. आभाळात जातो, पायाशी जातो, आणि खलाशाच्या वाट्याला चिमूटभर येतो. जाड भिंग लावावे तर ते इतके जड होते, की उचलायचे कोणी? ऑगुस्तँ फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने युक्ती काढली. भिंगाचा पोटातला निरुपयोगी काचगोळा काढून टाकायचा, वळणाच्या तेवढ्या कडा ठेवायच्या आणि मधल्या भिंगाभोवती त्या कड्यांसारख्या रचायच्या. १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपस्तंभावर त्याचे भिंग बसले आणि पुढे जगभर तीच रीत झाली. ते भिंग दिव्याभोवती फिरत राहते, म्हणून लांबून उजेड लुकलुकल्यासारखा दिसतो. पूर्वी फिरवायला घड्याळासारखे यंत्र असे. साखळीला लोंबणारे वजन खाली उतरे तसे ते फिरे, आणि वजन तळाला पोचायच्या आत राखणदाराने हातांनी चावी देऊन ते पुन्हा वर चढवावे लागे. रात्रभर. वाऱ्यावादळात आणि तापात आणि घरून वाईट पत्र आले असेल त्या रात्रीही.

आणि प्रत्येक दीपस्तंभाचे लुकलुकणे वेगळे. किती सेकंदांनी, किती वेळा, हे ठरलेले आणि नकाशावर छापलेले. खलाशी घड्याळ लावून मोजतो आणि म्हणतो, ही खांदेरी, हे प्राँग्ज. दिवसा ओळखू यावेत म्हणून मनोऱ्यांचे रंग आणि पट्टेही निरनिराळे. थोडक्यात, दीपस्तंभ नुसता उजेड देत नाही; तो आपले नाव सांगतो, तुम्ही कुठे आहात तेवढे कळवतो आणि गप्प बसतो. जायचे कुठे, हे तो सांगत नाही. आमच्या निबंधातले दीपस्तंभ बरोबर याच्या उलटे वागतात.

गुडघ्यांमुळे आबांना वर चढणे शक्य नव्हते. ते खाली दिव्याची देखरेख करणाऱ्या गृहस्थांशी बोलत बसले. मी परत त्यांच्याजवळ येईतो दोघांची चांगलीच गट्टी जमली होती. एक जण रुळाकाठचा, दुसरा पाण्याकाठचा. पण तेल, वात, काजळी, काच यांची भाषा एकच. त्या गृहस्थांनीही जुन्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. आता वीज आहे, दिवा वेळेवर लागतो नि विझतो, काम बरेचसे बघण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे. मग आबांनी विचारले,

"आमच्याकडं बत्ती इझली, तर गाडी थांबती. हितं इझली, तर?"

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. हा प्रश्न किती खोल आहे, हे मला समजायला थोडा वेळ लागला. तुमच्यासाठी तो उलगडून सांगतो. रेल्वेचा एक जुना आणि शहाणा नियम आहे. रात्री सिग्नल जिथे असायला हवा तिथे दिवा दिसला नाही, तर ड्रायव्हरने तो लालच समजायचा आणि गाडी उभी करायची. म्हणजे बत्तीवाल्याच्या हातून चूक झाली, वाऱ्याने वात गेली, तेल सरले, तरी नियम माणसांना सांभाळून घेतो. गाडी शिटी मारीत उभी राहील, उशीर होईल, साहेब बत्तीवाल्याला फैलावर घेईल. पण कोणाचे प्राण जायचे नाहीत. समुद्रात तशी सोय नाही. तिथे दिवा विझला, तर 'दिवा विझला' हे कळायलासुद्धा काही उरत नाही. नुसता अंधार दिसतो. आणि मोकळा समुद्रही रात्री तसाच दिसतो. खडक तिथे नाहीच, असे खलाशाला वाटू शकते. जहाज थांबत नाही. ते निर्धास्त पुढे येते.

म्हणून दीपगृहाच्या राखणदाराची रात्र बत्तीवाल्याच्या रात्रीपेक्षा जड. चुकीला खाली दुसरी चटई नाही. आबांनी आयुष्यभर जे काम केले, त्याची समुद्रातली थोरली बहीण त्यांना त्या दिवशी भेटली आणि त्यांनी तिला ओळखले.

समुद्राच्या बाबतीत दिवाही सर्वशक्तिमान नाही, हे याच टापूतल्या माणसांना कोणी सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट सकाळच्या उजेडात, काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंवर माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. तो दिवस आषाढी अमावास्येचा, दिव्यांच्या अवसेचा. घरोघरी दिवे घासून पुसून पूजेला मांडलेले आणि घरची माणसे वाटेत. त्या वेळी काही जण वाचले ते कोळ्यांच्या होड्यांमुळे. दिवा वाट दाखवतो. बुडत्याला हात द्यायला माणूसच लागतो. ज्यांच्या घरी ही आठवण आहे, त्यांना मी अधिक काही सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सगळे जुने झाले. आज मोठ्या जहाजांवर उपग्रहाकडून पत्ता कळतो. कुठल्या खडकापासून किती हात अंतर आहे, हे पडद्यावर दिसते. मग या मनोऱ्यांचे काय काम? प्रश्न रास्त आहे. १९२७ सालच्या जुन्या दीपगृह-कायद्याची जागा २०२१ साली नव्या कायद्याने घेतली, त्यातही नुसत्या दिव्यांचा नव्हे, तर नौकानयनाला साह्य करणाऱ्या सगळ्या नव्या साधनांचा विचार आहे. दीपगृहे ही आता पर्यटनाची स्थळे व्हावीत, असाही सरकारचा प्रयत्न चालू असतो. खांदेरीला तर मान मोठा मिळाला. १९९८ साली बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव दिले गेले आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांबरोबर खांदेरीही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. मान मिळणे आणि काम संपणे या दोन गोष्टी आपल्याकडे बऱ्याचदा हातात हात घालून येतात. म्हणून मला जरा धास्तीच वाटली.

ही धास्ती मी परतताना नाखव्याला बोलून दाखवली. त्याच्या होडीवरही ते उपग्रहाचे यंत्र होते. त्याने वल्ह्यासारखा हात हलवला.

"यंत्र हाय ना. आकडा दावते. पन रातीचा आकडा बघून पोटात धीर येत नाय, मास्तर. बत्ती दिसली का येते."

यात भाबडेपणा आहे, असे समजू नका. उपग्रहाचा संकेत आभाळातून येतो, अत्यंत क्षीण असतो, आणि तो दाबून टाकता येतो किंवा खोटाही पाठवता येतो. अलीकडच्या वर्षांत काळ्या समुद्रात, बाल्टिक समुद्रात आणि इराणच्या आखातात असे प्रकार पुन्हा पुन्हा घडले आहेत. पडद्यावर जहाज विमानतळावर उभे असल्याचे दिसावे, इथपर्यंत! अशा वेळी ज्याला डोळ्यांनी पाहून पडताळता येईल, असे एक तरी खूणचिन्ह जमिनीवर असावे, असे शहाणी माणसे म्हणतात. नाखवा तेच पोटाच्या भाषेत म्हणाला.

आणि आबांच्या त्या वाक्याचेही पुढे काय झाले पाहा. बत्ती कोणाला विचारत नाही, हे खरे. म्हणून तर ती बत्ती. पण नोव्हेंबर २००८ मध्ये समुद्रावरून आलेल्या माणसांनी मुंबईत काय केले, हे आपण विसरलेलो नाही. किनाऱ्यावरचे दिवे त्यांनाही दिसलेच असतील. त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर टेहळणीची रडार यंत्रे बसवण्यात आली आणि त्यासाठी जागा निवडल्या त्या पुष्कळ ठिकाणी दीपगृहांच्याच. उंच जागा, वीज आणि जागे माणूस, तिन्ही तिथे आयतेच. म्हणजे १६७९चा तट आणि १८६७चा दिवा एकाच मनोऱ्यावर येऊन बसले. तट विचारतो, कोण तू? आणि दिवा तोवर सगळ्यांना उजेड देतच राहतो. घर चालवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आपणही दाराला कडी लावतो आणि दाराबाहेर पणतीही ठेवतो.

संध्याकाळी आम्ही थळच्या वाळूत बसून राहिलो. पश्चिमेला सूर्य गेला आणि पाण्यावर केमचे कुंकू सांडल्यासारखे झाले. हे आबांचे शब्द, माझे नव्हेत. मग उजेड उतरला. पाणी आणि आभाळ एक झाले. बेट दिसेनासे झाले, तट गेला, तोफ गेली, वेताळ गेला. आणि एकदम त्या काळोखातून बत्ती चमकली.

आबांनी काही म्हटले नाही. ते बोटांवर मोजू लागले. दिवा लुकलुके, ते थांबत, पुन्हा मोजत. चार-पाच वेळा मोजले, दर वेळी आकडा तोच आला. तेव्हा त्यांनी मान डोलावली. एखाद्या जुन्या सहकाऱ्याचे काम तपासून पसंत पडल्यावर डोलवावी तशी. आमच्या धाकटीने विचारले, "आजोबा, नीट दिसतंय ना?" डॉक्टरांकडचे शब्द तिने ऐकले होते. पोरांपासून काही लपत नाही.

"समोरचं समदं दिसतंय," आबा म्हणाले. "बाजूचं तू बघ."

तिने त्यांचा हात धरला आणि ती किनाऱ्यावरच्या होड्यांचे दिवे त्यांना मोजून सांगू लागली. उजवीकडे तीन, डावीकडे एक, तो हलतोय. सौ. आणि मी जरा मागे उभे राहिलो. बोलण्यासारखे काही नव्हते.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण नेहमी टोमण्याच्या सुरात वापरतो. मोठ्या घरातले पोर वाया गेले, देशाला उपदेश करणाऱ्याच्या घरी भांडणे निघाली, की आपण ती फेकतो. खांदेरी पाहून मला ती वेगळी ऐकू आली. दीपगृहाच्या पायथ्याशी खरोखरच अंधार असतो. सगळा उजेड वरून लांब पाण्यावर फेकलेला असतो. त्या अंधारात कोणीतरी बसलेले असते आणि लांबून जाणाऱ्याला ते कधी दिसत नाही. जहाजातल्या माणसाला दिवा दिसतो, राखणदार नाही. आगगाडीतल्या माणसाला तर सिग्नलसुद्धा दिसत नाही. तो वरच्या बाकावर घोरत असतो. तो अंधार म्हणजे दिव्याचे वैगुण्य म्हणता येणार नाही. दिव्याची किंमत आहे ती, आणि ती कोणीतरी चुकती करीत असतो.

म्हणून विद्यार्थ्यांना मी आता एक नवा निबंध घालतो. 'माझ्या पाहण्यातली राखणदार माणसे'. दीपस्तंभ शब्द आला, तर दोन गुण कमी. पहिल्या खेपेला मुलांनी बरीच कुरकुर केली. पण वह्या आल्या त्यात विहिरीवरच्या मोटारीला रात्री दोन वाजता वीज आली म्हणून उठणारा बाप होता, सरकारी दवाखान्यातली रात्रपाळीची आई होती, उजनीच्या फुगवट्याकाठी मासेमारी करणाऱ्या कुटुंबातली आजी होती. मुलगा रात्री पाण्यावर असला, की ती ओसरीवरचा दिवा मालवू देत नाही. इतक्या वर्षांत इतके चांगले निबंध मी तपासले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळ मंडळी कोकणात उतरतील. मासळी खातील, किल्ले पाहतील, वाळूत पाय बुडवून फोटो काढतील. एक संध्याकाळ मात्र राखून ठेवा. अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावर थांबा आणि लांबच्या बत्तीचे लुकलुकणे मुलांना बोटांवर मोजायला लावा. आकडा दर वेळी तोच येईल. तो तसा यावा म्हणून ऐन लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही काही माणसे घरापासून दूर, आपापल्या दिव्याखाली बसलेली असतील. बेटावर, स्टेशनात, वीजकेंद्रात, दवाखान्यात. फराळाचे ताट वाढताना त्यांची आठवण ठेवा. आणि असा माणूस तुमच्या आळीत राहत असेल, तर तो पाळीवरून परतेल तेव्हा एक ताट त्याच्या घरी पोचते करा. चकल्या मात्र मऊ पडायच्या आत.